डबे नकोत, पाळणाघर हवं
(रविवारी आरतीनंतर मंदिराच्या सभागृहात केलेलं भाषण)

महाप्रसाद वाट पाहतो आहे, म्हणून थोडक्यात बोलतो.

मुंबईतल्या कुपोषित मुलांसाठी दूध पावडरचे डबे पाठवावेत, अशी सूचना मदतनिधीच्या बैठकीत आली. भावना चांगली होती, तरी मी विरोध केला. त्याचं कारण सांगतो.

निवृत्तीपूर्वी गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांतली मुलं माझ्याकडे तपासायला येत. एक चौदा महिन्यांची मुलगी आठवते. दंडाचा घेर 11 सेंटीमीटर. साडेअकराच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. मी आईवर ओरडलो, "घरात डाळ-तांदूळ नाही का?" ती म्हणाली, "हाय की डॉक्टर. पर भरवायला कोन हाय?"

ती सकाळी सातला धुण्याभांड्याला बाहेर पडे, नवरा मजुरीसाठी नाक्यावर. बाळाला नऊ वर्षांची बहीण सांभाळायची, शाळा सोडून. बाळ रडलं की चहात बुडवलेलं बिस्कीट, नाहीतर पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. पोट भरतं, वजन वाढत नाही. या वयात पोट मुठीएवढं. दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं, वर तेल-तूप घालून भरवावं लागतं. गावाकडे ते आजी करायची. इथे दहा बाय बाराच्या खोलीत आजी नाही. त्यातच लगेच दुसरं बाळंतपण आलं की अंगावरचं दूध तोडतात, आणि घरात शेवटी जेवणारी तीच बाई.

अंगणवाडी योजना 1975 पासून आहे. पण तीन वर्षांखालच्यांना तिथे घरी न्यायचा आहार मिळतो. तो घरातले सगळेच खातात. भाड्याची खोली बदलली की नावही सुटतं. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरात पस्तीस मुलं खुरटलेली आढळली.

आता डबा पाठवला तर? पाणी विकतचं, तेही अस्वच्छ. डबा पुरवायचा म्हणून पावडर पातळ कालवतात. मग जुलाब, आणि होतं ते वजनही जातं.

म्हणून वस्तीतच पाळणाघर हवं: सकाळी सात ते संध्याकाळ, वस्तीतल्याच दोन पगारी बायका, गरम खिचडी आणि अंडं. अंडं म्हणताच समितीत कुजबुज झाली. मंदिराच्या पैशातून नको असेल तर दाण्याचं कूट-गूळ द्या. मला विचाराल तर अंडंच द्यावं.

एकरकमी मोठी देणगी नको. दरमहा थोडे द्या, पण तीन वर्षं द्या, कारण त्या बायकांचा पगार दरमहा द्यायचा आहे. फॉर्म प्रसादाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत.