धड्याचा दगड



मी लहान असताना भुसावळच्या बाजारात भाजीवाल्या मावशी हातात तराजू उचलला की आधी रिकामी पारडी बघायच्या. दांडी एका बाजूला कलत असेल तर हलक्या पारड्यात एखादा खडा, कधी लोखंडाचा तुकडा टाकून ती सरळ करायच्या. याला धडा करणे म्हणतात. आई मला पिशवी देताना बजावायची, ‘आधी धडा करायला सांग, मगच भरताची वांगी मोजून घे.’ धड्याच्या त्या दगडाचे स्वतःचे वजन किती, हे मात्र कधी कुणी विचारले नाही. दांडी सरळ झाली की त्याचे काम झाले.

पुढे मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागलो आणि हा दगड मला पुन्हापुन्हा आठवू लागला. देशातल्या सर्वांत मोठ्या पदासाठी पहिला माणूस ठरला की दुसऱ्याची शोधाशोध सुरू होते, आणि ती बहुतेक वेळा धडा करण्यासारखीच असते. पहिला उत्तरेचा, तर दुसरा दक्षिणेचा. पहिला एका समाजाचा, तर दुसरा दुसऱ्या समाजाचा. या दुसऱ्या माणसाविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे.

अमेरिकेत हा दुसरा माणूस उघड उघड जोडीने उभा राहतो. अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार निवडतो आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. पूर्वी तिथेही असे नव्हते. सर्वाधिक मते मिळवणारा अध्यक्ष आणि त्याच्या खालचा उपाध्यक्ष, असा साधा नियम होता. त्यामुळे १७९६ साली अध्यक्ष एका पक्षाचे अॅडम्स आणि उपाध्यक्ष विरोधी पक्षाचे जेफरसन, अशी जोडी झाली. पुढच्या खेपेला जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे बर यांना सारखी, ७३-७३ मते पडली, आणि तो पेच सोडवता सोडवता सगळे थकले. मग १८०४ मध्ये घटनादुरुस्ती झाली. तिच्यातले एक वाक्य मी विद्यार्थ्यांना मुद्दाम समजावून सांगायचो. जो अध्यक्ष होण्यास पात्र नाही, तो उपाध्यक्षही होऊ शकत नाही.

आपल्याकडे जोडी नाही. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती वेगवेगळ्या निवडणुकांनी येतात आणि त्यांचे मतदारही वेगळे. राष्ट्रपतीला खासदार आणि आमदार दोघे निवडतात. लोकसंख्येच्या हिशेबाने महाराष्ट्रातल्या आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५ धरतात, उत्तर प्रदेशात ते २०८, सिक्कीममध्ये ७. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत फक्त संसदेचे सभासद मत देतात, प्रत्येकी एक. म्हणजे आपल्या भुसावळच्या आमदाराला राष्ट्रपती निवडताना १७५ मतांचे वजन आहे आणि उपराष्ट्रपती निवडताना काहीच नाही. कायद्याने जोडी नसली तरी राजकीय पक्ष जोडीचाच विचार करतात, आणि तो कसा करतात हे आपल्या जळगाव जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे.

१४ जून २००७ ची संध्याकाळ भुसावळात अनेकांना आठवत असेल. त्याआधी कित्येक दिवस दिल्लीतून रोज नवे नाव येत होते. शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे, डॉ. करणसिंह, प्रणव मुखर्जी. काँग्रेसचा कल शिवराज पाटलांकडे होता, पण ज्यांच्या पाठिंब्यावर सरकार उभे होते त्या डाव्या पक्षांना ते नाव मान्य नव्हते. एकेक नाव पारड्यात जाई आणि बाहेर येई. आणि त्या संध्याकाळी जे नाव जाहीर झाले ते कुणाच्याही यादीत नव्हते. राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील.

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरने निघाले की वरणगाव मागे पडते आणि थोड्या वेळाने बोदवड येते. त्या बोदवडजवळचे नाडगाव हे प्रतिभाताईंचे जन्मगाव. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या शिकल्या. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावातून आमदार झाल्या. पुढे १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादच्या, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या. राज्यात मंत्री, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, मग राज्यपाल. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘बाई म्हणून घेतल्या, मराठी म्हणून घेतल्या.’ मला ते बोलणे लागले. पंचेचाळीस वर्षांचे सार्वजनिक आयुष्य दोन शब्दांत गुंडाळून ठेवले होते. दिल्लीतल्या हिशेबात ते दोन शब्द असतीलही. पण ज्या माणसाला आपण निवडणार, त्याच्या आयुष्याचा हिशेब करायची जबाबदारी आपण दिल्लीवर कशी टाकायची?

समोर उभे होते भैरोसिंह शेखावत. ते तेव्हा उपराष्ट्रपती होते, म्हणजे दुसऱ्या खुर्चीवरून पहिल्या खुर्चीकडे निघालेले. तो रस्ता आपल्याकडे नवा नाही. राधाकृष्णन, झाकिर हुसेन, गिरी, वेंकटरामन, शंकरदयाळ शर्मा आणि नारायणन असे सहा उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती झाले. शेखावत राजस्थानचे, प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपाल, आणि त्यांचे यजमान देवीसिंहही आडनावाने शेखावतच. शिवसेना भाजपबरोबरच्या आघाडीत असूनही मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंच्या मागे उभी राहिली. निकाल लागला तेव्हा प्रतिभाताईंना ६,३८,११६ इतक्या मूल्याची मते होती आणि शेखावतांना ३,३१,३०६. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती बोदवड तालुक्यातल्या, हे वाक्य त्या आठवड्यात मी वर्गात किती वेळा उच्चारले असेन!

आणि मग दुसऱ्या नावाची वेळ आली. राष्ट्रपतिपदाचे मतदान आटोपत आले त्याच सुमारास काँग्रेस आघाडीने आणि डाव्यांनी उपराष्ट्रपतिपदासाठी हमीद अन्सारी यांचे नाव पुढे केले. भाजप आघाडीने नजमा हेपतुल्ला यांना उभे केले, तिसऱ्या आघाडीने रशीद मसूद यांना. तिन्ही बाजूंचे उमेदवार मुसलमान. ही गोष्ट योगायोगाची नव्हती. प्रत्येकाने आपापल्या तराजूचा धडा केला होता.

आता या तिघांपैकी दोघांकडे बघा. नजमाबाई महाराष्ट्रातून अनेक वर्षे राज्यसभेवर होत्या आणि सोळा वर्षांहून अधिक काळ त्यांनी त्या सभागृहाचे उपसभापतिपद सांभाळले होते. मध्ये एक खंड पडला, आणि त्या खंडात १९८६ ते १९८८ ही दोन वर्षे उपसभापती कोण होत्या? प्रतिभाताई पाटील. उपराष्ट्रपतीचे रोजचे काम राज्यसभेचे सभापतिपद सांभाळण्याचे. ते काम एवढे जवळून जाणणारी व्यक्ती मिळणे कठीण. अन्सारी परराष्ट्र सेवेतले, संयुक्त राष्ट्रसंघात भारताचे प्रतिनिधी राहिलेले, अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू, अल्पसंख्याक आयोगाचे अध्यक्ष. दोघांचीही शिदोरी भरलेली होती. त्या दोन शिदोऱ्या उघडून समोरासमोर ठेवल्या असत्या तर किती चांगली चर्चा झाली असती. तशी ती फारशी झाली नाही. मते आघाड्यांच्या ओळीने पडली: अन्सारींना ४५५, नजमाबाईंना २२२, मसूद यांना ७५. अन्सारी पुढे सलग दोन वेळा, दहा वर्षे, त्या खुर्चीवर राहिले.

आपल्या सोलापूरच्या सुशीलकुमार शिंद्यांचे नाव तर दोन्ही पदांच्या पारड्यांत जाऊन आले. २००२ मध्ये ते उपराष्ट्रपतिपदासाठी शेखावतांच्या विरुद्ध लढले. शेखावतांना ४५४, शिंद्यांना ३०५. पाच वर्षांनी राष्ट्रपतिपदाच्या चर्चेत त्यांचे नाव पुन्हा होते.

श्रोतेहो, दुसऱ्या माणसाचे खरे वजन कळण्याचा दिवस कुठल्याही निवडणुकीच्या तारखेला येत नाही. तो अचानक येतो.

१९७४ साली बसप्पा दानप्पा जत्ती उपराष्ट्रपती झाले. हा माणूस आपल्या शेजारचा. जमखंडी संस्थान पटवर्धनांचे, जत्ती तिथले वकील, कायद्याचे शिक्षण कोल्हापूरचे. संस्थान विलीन झाल्यावर ते मुंबई राज्याच्या राजकारणात आले आणि १९५२ नंतर मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात उपमंत्री होते. पुढे म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री झाले. शांत, गाजावाजा न करणारे गृहस्थ. त्यांना निवडताना त्यांच्यावर काही विशेष वेळ येईल, असे कुणाच्या मनातही नसावे.

११ फेब्रुवारी १९७७ ला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले. देशात आणीबाणी होती आणि लोकसभेची निवडणूक महिन्यावर आली होती. घटनेप्रमाणे जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. मार्चमध्ये निकाल लागले, इंदिराबाई स्वतः रायबरेलीत हरल्या. २१ मार्चला आणीबाणी उठली. २४ मार्चला जत्तींनी नव्या पंतप्रधानांना शपथ दिली. ते पंतप्रधान म्हणजे मोरारजी देसाई, ज्यांच्या हाताखाली त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी काम केले होते. महिनाभराने नव्या सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला आणि कागद जत्तींपुढे आला. त्यांनी लगेच सही केली नाही. दिल्लीत खळबळ उडाली. अखेर ३० एप्रिलला सही झाली. त्यांचे थांबणे बरोबर होते की चूक, यावर आजही वाद घालता येईल. माझ्या मते थांबून विचार करण्याचा त्यांना हक्क होता आणि शेवटी मंत्रिमंडळाचा सल्ला मानणेही योग्य होते. पण त्या वेळी देशाची घटना ज्या एका लेखणीच्या टोकावर उभी होती, ती लेखणी दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाच्या हातात होती. जुलैच्या अखेरीपर्यंत, पाच महिन्यांहून अधिक, ती तिथेच होती.

अमेरिकेत हे अधिक वेळा घडले आहे. १९४४ मध्ये रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहिले तेव्हा पक्षातल्या मंडळींनी आधीचे उपाध्यक्ष वॉलेस यांना बाजूला करून ट्रूमन यांना आणले, कारण त्यांच्या नावाला कुणाचा फारसा विरोध नव्हता. उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले आणि रूझवेल्ट वारले. अणुबॉम्ब तयार होत आहे हेही ट्रूमनना नीट कुणी सांगितलेले नव्हते. १९६० मध्ये केनेडींनी टेक्सासच्या जॉन्सनना घेतले ते दक्षिणेची मते बांधायला. तीन वर्षांनी त्याच टेक्सासमध्ये केनेडींची हत्या झाली आणि दक्षिणेतल्या या माणसाने १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा पार पाडला. धड्यासाठी आणलेला दगड भरीव निघाला. दर वेळी तसे होईलच असे नाही.

२०२५ च्या जुलैत उपराष्ट्रपती धनखड यांनी मुदत संपण्याआधी राजीनामा दिला आणि सप्टेंबरात महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ मतांनी त्या पदावर निवडून आले. समोरचे न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी यांना ३०० मते होती. दोघेही दक्षिणेचे. पेपरांतून पुन्हा प्रांताचे गणित भरभरून वाचायला मिळाले. २०२७ च्या जुलैत राष्ट्रपतिपदाची मुदत संपेल, तेव्हा नावांची चर्चा पुन्हा सुरू होईल. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही हे खरे, पण आपल्या रावेरच्या खासदाराला आहे, आणि खासदाराला मत आपण दिलेले आहे. पुढे उपराष्ट्रपतीची निवडणूक येईल तेव्हा त्यांना पोस्टकार्ड टाकून विचारायला काय हरकत आहे, की साहेब, या दुसऱ्या नावाला मत देताना आपण त्याचे काय काय पाहिले?

माझा एक जुना विद्यार्थी रेल्वेत असिस्टंट लोको पायलट आहे. भुसावळात अशी मुले घरोघरी. त्याला मी एकदा विचारले, तुझे आणि ड्रायव्हरचे काम वेगळे, मग तुमची तपासणीही वेगळी असेल. तो म्हणाला, ‘नाही सर. डोळ्यांची तपासणी दोघांनाही एकच, ए-वन. सिग्नल आला की दोघांनी तो बघायचा आणि दोघांनी मोठ्याने पुकारायचा. आणीबाणीचा ब्रेक माझ्याही बाजूला असतो.’

मग त्याने एका रात्रीची हकिगत सांगितली. मालगाडी दोन स्टेशनांच्या मध्ये होती आणि ड्रायव्हरच्या छातीत कळ आली. बोलताही येईना. याने गाडी उभी केली, मागे गार्डला कळवले, ड्रायव्हरला आडवे निजवून पाणी पाजले आणि मदत येईपर्यंत इंजिन सोडले नाही. ड्रायव्हर वाचले, आज निवृत्त होऊन घरी आहेत. मी विचारले, ‘घाबरला नाहीस?’

‘घाबरलो ना सर,’ तो म्हणाला. ‘पण सिग्नल तर मी पहिल्या स्टेशनापासूनच बघत होतो.’