औषधाची गोळी आणि घराण्याची अब्रू

(संघाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा येथे गौरव झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. अशा मंगल प्रसंगी अप्रिय विषय काढतो आहोत, याची आपण क्षमा करावी. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पत्करली आणि छत्तीस वर्षे फळ्यापुढे काढली, एवढाच आमचा अधिकार. तथापि जे स्वतःच्या घरात भोगले, ते सांगण्यास पदवी लागत नाही.

निद्रानाशामुळे आम्हास डॉक्टरांनी अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली होती. आमच्या थोरल्या बंधूंचा नातू आमच्याकडे राहून महाविद्यालयात शिकत असे. परीक्षेच्या धास्तीने झोप येईना, म्हणून त्याने आमच्या पाकिटातील एक गोळी घेतली. पहिल्या रात्री एक पुरली. काही महिन्यांनी तीनही पुरेनात. पुढे मित्राकरवी चिठ्ठीवाचून त्या मिळू लागल्या.

पाकीट लवकर संपते आहे, हे आमच्या ध्यानात आले होते. तरी आम्ही मौन धरले. मुलाची बहीण उपवर होती. ज्ञातीत बोभाटा झाला तर सोयरीक कशी जुळावी, ही भीती! अखेर एका रात्री संतापाच्या भरात त्याच्या गोळ्या आम्ही मोरीत ओतल्या व खोलीस बाहेरून कडी घातली. तिसऱ्या दिवशी मुलास आकडी आली. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, की शरीरास सवय झाल्यावर या गोळ्या एकाएकी बंद करावयाच्या नसतात. देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते. जिला आम्ही शिस्त समजलो, ती त्याच्या जिवावर बेतली होती.

औषधाच्या दुकानातून आलेली वस्तू निर्धोकच असणार, अशी पुष्कळांची समजूत असते. पण मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणून जी कुप्रसिद्ध झाली, ती हीच! मद्याबरोबर किंवा कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाबरोबर ती घेतली, तर श्वास मंदावून प्राणही जाऊ शकतो. याउलट काही विद्यार्थी जागरणासाठी मेथिलफेनिडेट घेतात. ते अवधानाचा विकार असलेल्या रुग्णांचे औषध आहे. त्याने डोळा लागत नाही, पण बुद्धी वाढत नाही. आणि वाचलेले मनात मुरण्यास झोपच लागते.

दिल्लीच्या एम्स संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीनुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयाचे सुमारे १ कोटी १८ लाख लोक शामक औषधे उपचाराच्या कारणावाचून घेत होते. तेव्हा हे संकट परक्याच्या दारचे नव्हे.

कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रॅमाडॉल इत्यादी औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. डॉक्टर व रोगी यांची नावे वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. आपल्या ज्ञातीत औषधविक्रेते बंधू आहेत. त्यांना आमची हात जोडून विनंती, की ओळखीच्या मुलासाठीही ही वही मिटू नये.

वडीलधाऱ्यांनी आपली औषधे कुलपात ठेवावी व गोळ्या मोजाव्या. संशय आला तर मारझोड न करता मुलास मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनःस्वास्थ्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ हे विनामूल्य दूरध्वनी आहेत. आणि विद्यार्थिमित्रांनो, झोप येईनाशी झाली तर आम्हा म्हाताऱ्यांना उठवा. गोळीपेक्षा गप्पा बऱ्या.

आमचा नातू एक वर्ष मागे पडला, पण पदवीधर झाला. त्याच्या संमतीनेच हे सांगत आहोत. त्याच्या बहिणीचे एक स्थळ या कारणाने मोडले, हेही लपवीत नाही. दुसऱ्या स्थळास आम्ही आधीच सर्व सांगितले, ती मंडळी म्हणाली, “मुलगा बरा झाला ना? मग झाले.” ती मंडळी याच सभागृहात बसली आहेत. घराण्याची अब्रू कशात असते, हे आम्हास साठीनंतर त्यांनी शिकविले.