छत्र्यांवरची गिधाडे

झाशीहून निघून पंधरा-सोळा किलोमीटरांवर बेतवेच्या काठी ओरछा लागते. तेथील बुंदेला राजांच्या छत्र्यांवर, उंचावरील कोनाड्यांत आणि शिखरांच्या आडोशाला, लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. प्रवासी छायाचित्रे घेतात आणि निघून जातात. संवर्धन-जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने मात्र येथे बराच वेळ थांबावे.

हे शास्त्र वयाने लहान. मायकेल सूले यांनी १९७८ साली अमेरिकेत सॅन दिएगो येथे भरविलेल्या परिषदेपासून त्याचा आरंभ मानतात. सूले यांनी १९८५ साली त्याचे वर्णन संकटकाळचे शास्त्र असे केले. शरीरक्रियाविज्ञानाशी शल्यचिकित्सेचे जे नाते, तेच जीवशास्त्राशी याचे, असे त्यांचे प्रतिपादन होते. सर्व पुरावा हाती येईपर्यंत शल्यचिकित्सकाला स्वस्थ बसता येत नाही. ही उपमा किती सार्थ होती, हे भारतात गिधाडांनीच दाखवून दिले.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे झपाट्याने घटत असल्याची नोंद विभु प्रकाश यांनी १९९०च्या दशकात केली. आरंभी संशय गेला तो एखाद्या संसर्गजन्य रोगावर. उत्तर मिळाले २००४ साली, तेही पाकिस्तानातील मृत पक्ष्यांच्या शवविच्छेदनातून. गुरांची वेदना आणि सूज कमी करणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई, मूत्रपिंडे निकामी होत आणि अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर साचे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती.

यातील गणित विद्यार्थ्याने स्वतः मांडून पाहावे. सुमारे १३० ते ७६० मृत जनावरांपैकी एकात जरी हे औषध घातक प्रमाणात असले, तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे अनुमान निघाले. कारण उघड आहे: एका कलेवरावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो, आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. जेथे वाढ इतकी मंद, तेथे मृत्युदरातील थोडीशी वाढही जातीला पेलत नाही.

म्हणजे दोष अरण्यात नव्हताच. तो गोठ्यात होता. केवळ दुर्बीण आणि वही घेऊन छत्र्यांखाली बसणाऱ्याला तो कधीच सापडला नसता. झाशीच्या विद्यार्थ्याला म्हणून गुराढोरांचे व्यवहार कळले पाहिजेत. बुंदेलखंडात भाकड जनावरे मोकाट सोडण्याची अन्ना प्रथा आहे. ती मरतात कोठे, त्यांचे पुढे काय होते, हे गावोगाव विचारावे लागेल. घरटे मध्य प्रदेशात आणि गोठा उत्तर प्रदेशात, तेव्हा कचेऱ्याही दोन राज्यांच्या. (पक्ष्याला ही सीमा ठाऊक नसते, अर्जदाराला फार चांगली ठाऊक असते.)

गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय होता. परंतु माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या, आणि २०१५ साली त्या कुप्यांचा आकार ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. किटोप्रोफेनवरील बंदी तर २०२३ची. तेव्हा हिवाळ्यात घरटी मोजून झाल्यावर विद्यार्थ्याने गावच्या औषधाच्या दुकानात जावे आणि आजारी गाईसाठी इंजेक्शन मागावे. दुकानदार कोणती कुपी पुढे ठेवतो, तेही त्याच वहीत लिहून ठेवायचे असते.