जमिनीला पाडलेली भेग

लंडनचं टेट मॉडर्न कलासंग्रहालय म्हणजे पूर्वीचं वीजनिर्मिती केंद्र. तिथल्या 155 मीटर लांबीच्या टर्बाइन हॉलमध्ये कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो यांनी 2007 साली एकही वस्तू मांडली नाही. त्यांनी जमिनीलाच भेग पाडली. दाराशी केसाएवढी बारीक, मग रुंदावत, फाटे फुटत 167 मीटर गेलेली. वाकून पाहिलं की आतल्या काँक्रीटच्या कडांमध्ये तारेची जाळी दिसायची, कुंपणाला लावतात तशी. वंशभेद आणि स्थलांतरितांच्या वाट्याला येणारी वागणूक हा साल्सेदो यांचा विषय.

हे तर निव्वळ नुकसान, यात कला कुठे, असं कुणी म्हणेल. काही प्रेक्षक तिथे अडखळून पडलेही, तेव्हा हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. पण हीच भेग रस्त्यावर असती तर दुरुस्तीची बाब ठरली असती. युरोपातल्या एका मातब्बर कलासंस्थेच्या पायालाच तडा गेलेला दिसतो, म्हणून तिला अर्थ येतो. इमारत इथे कलाकृतीचं साहित्यच झाली आहे. राहिला टिकण्याचा प्रश्न. 2008 मध्ये भेग बुजवली, व्रण मात्र राहिला. दुसऱ्या दालनात हलवता न येणारी ही कलाकृती त्या हॉलमधल्या नंतरच्या प्रदर्शनांखालीही होतीच.