घासाघीस आणि प्रतीक्षा



परवान्यांच्या काळात मोटार घ्यायची म्हणजे आपण आधी पैसे भरीत होतो आणि मग वर्षे मोजीत होतो. नंबर लागून गाडी दारात आली, की छापील किमतीहून अधिक देणारे गिऱ्हाईक हजर! तेथे घासाघीस कसली करणार? १९९३ साली मोटारधंद्यावरील परवान्याचे बंधन उठले, कंपन्या वाढल्या आणि गिऱ्हाइकाला वाचा फुटली. पण आजही आपण पायाखालच्या मॅट फुकट मिळाव्यात म्हणून तासभर हुज्जत घालतो आणि विम्याचा हप्ता मात्र मुकाट्याने भरतो. वस्तुतः विमा कोठून घ्यावा, हे ठरविण्याचा हक्क आपलाच आहे. तेव्हा किमतीचा तपशील कलमवार मागू या आणि विसार देण्यापूर्वी गाडी मिळण्याची तारीख लिहून घेऊ या. तारखेवाचून दिलेला विसार म्हणजे पुन्हा तीच जुनी रांग!