भंगारात घालण्याआधी मशीन ओळखा

गटासाठी शिलाई मशीन घ्यायचं म्हटलं की आपण बर्डीला येतो, नव्या मशीनचे भाव विचारतो. आणि घरातलं आजेसासूबाईंचं काळं मशीन भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकतो. आज आम्ही त्या काळ्या मशीनबद्दल बोलणार आहोत.

आधी ते घरगुती आहे की कारखान्याचं, हे बघा. कारखान्याचं मशीन जड असतं. सुईपासून उजव्या खांबापर्यंतची जागा लांब असते, त्यामुळे गोधडीचा गोळाही आत मावतो. सुई काढून बघा. घरगुती सुईचा दांडा एका बाजूनं चपटा असतो, कारखान्याच्या मशीनच्या सुईचा बहुधा गोल.

सिंगरच्या मशीनवर छोटी पितळी पट्टी असते. तिच्यावर ३१के दिसलं तर ते शिंप्याच्या रोजच्या जड कामाचं. २९के असेल तर चामड्याचं. त्याचा दाब-पाय चारी दिशांना फिरतो, म्हणून चपला-बॅगा दुरुस्त करणारे अजून ते जपून ठेवतात. ‘के’ म्हणजे स्कॉटलंडमधला किलबोवीचा कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला. आपलं उषा मशीन कोलकात्याचं, १९३० च्या दशकात सुरू झालेलं. यंत्रांविरुद्ध इतकं बोलणाऱ्या गांधीजींनीही सिंगरच्या शिलाई यंत्राला अपवाद मानलं होतं!

आता स्टँड. बिडाच्या पायांवर कंपनीचं नाव ओतलेलं असतं, पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. पाय एका कंपनीचे, वरचं डोकं दुसरीचं, असं सर्रास असतं. डोकं आत उतरवून वर फळी झाकायची पेटी असेल तर बिजागऱ्या आणि वाळवी बघा. चांगली पेटी असेल तर डोक्यासोबतच ठेवा, वेगळी विकू नका.

किमतीचं खरं सांगतो. सिंगरनं कोट्यवधी मशीनं बनवली, त्यामुळे नुसतं जुनं म्हणून लाखो रुपये मिळत नाहीत. २००९ मध्ये सौदी अरेबियात अफवा उठली की जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असतो. लोकांनी अवाच्या सवा पैसे मोजले. त्यात पारा-बिरा काही नव्हता. अशी गोष्ट सांगणारा तुमच्या दारी आला तर चहा पाजा आणि वाटेला लावा. त्याच्याकडून आगाऊ पैसे घेऊ नका, त्याला देऊही नका.

मशीन चालू करून बघायचं तर चाक हातानं फिरवा. जड फिरलं तर बहुतेक वेळा जुनं तेल वाळून चिकटलेलं असतं. सांध्यांत थोडं रॉकेल सोडा, पुसा, मग मशीनचं तेल घाला. सोनेरी नक्षी मात्र घासू नका, ती परत येत नाही. बीड तडकलेलं असेल किंवा शटल हरवलेलं असेल तर घेताना दहादा विचार करा. बाकी पट्टा, स्प्रिंग, स्क्रू बदलता येतात.

बर्डीला येताना जुनी सुई, बॉबिन आणि शटल रुमालात बांधून आणा. त्याच मापाची सुई दुकानात मिळते का ते आधी विचारा, मग दुरुस्तीचे पैसे मोजा.