मेदाचे कोडे

मेद म्हणजे शरीराने साठविलेले इंधन, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु काही स्निग्ध रेणूंचा पेशीच्या जीवनमरणाशीही संबंध असतो. लंडनमधील वैद्य योहान थुडिखुम यांना मेंदूच्या रसायनाचा अभ्यास करताना असे एक द्रव्य गवसले. आपल्या १८८४ सालच्या ग्रंथात, कोडी घालणाऱ्या ग्रीक स्फिंक्सच्या स्मरणार्थ, त्यांनी त्याला ‘स्फिंगोसीन’ म्हटले.

त्या कोड्याची उकल होऊ लागण्यास शंभर वर्षे लागली. स्फिंगोसीनला स्निग्धाम्ल जोडले गेले की सेरामाइड बनते. सेरामाइड पेशीला आत्मनाशाकडे नेते, असे १९९३ साली दिसून आले. उलट, स्फिंगोसीनला फॉस्फेट जोडले गेले की तोच रेणू पेशीला जगवितो. मोठ्या आतड्याचे अस्तर थोड्या दिवसांत नवे होत असते. जुन्या पेशींनी वेळेवर मरावे, यातच तेथील आरोग्य आहे. कर्करोगाच्या पेशी हा नियम मोडतात, आणि त्यांच्यात पारडे बहुधा जगविणाऱ्या रेणूकडे झुकलेले असते.

१९९४ साली अमेरिकेत, कर्करोगकारक रसायन दिलेल्या उंदरांना दुधातील स्फिंगोमायलीन खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या आतड्यातील विकृती घटल्या. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि दूध म्हणजे औषध नव्हे. शौचावाटे रक्त जात असेल, तर आहारावर विसंबून न राहता वेळेवर तपासणी करून घेणे हेच श्रेयस्कर. स्फिंक्सच्या कथेत उत्तर चुकणारा प्राणास मुकत असे. अर्धवट उत्तर रोग्यालाही परवडत नाही.